भाटव्यांची फेरमोजणी

आमच्या भाटव्यांइतका न्यायी, आणि त्या न्यायापायी घरादाराच्या डोक्याला इतका ताप देणारा माणूस यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत दुसरा सापडणार नाही. भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. आमच्याकडे हे नातं मोठ्या मानाचं. भाटवा घरी आला की साळ्यानं उठून खुर्ची द्यायची, पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि तो सांगेल ते ऐकून घ्यायचं. एकुलत्या एका ताईपायी मी गेली अडतीस वर्षं ऐकून घेत आलोय. माझी स्वतःची शाळेतली नोकरी संपत आली, पण हे ऐकणं काही संपत नाही. समोर मी त्यांना भाऊजी म्हणतो. पाठीमागे काय म्हणतो ते फक्त माझ्या बायकोला माहीत आहे आणि तिला मी बाहेर बोलायची बंदी घातली आहे.

भाऊजी सरकारी भूमापक होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं मोजली. आधी साखळीनं, मग फलकावर कागद ताणून, शेवटी शेवटी तिपाईवरच्या यंत्रानं. यंत्रं बदलत गेली, भाऊजी जागचे हलले नाहीत. "जमीन कोनंबी मोजो, तेवढीच भरली पायजे," हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान. घाटंजीकडे त्यांच्या सख्ख्या चुलतभावाच्या धुऱ्याचा वाद होता. धुरा म्हणजे शेताचा बांध. दुसरा कोणी असता तर आजारपणाची रजा टाकून घरी बसला असता. भाऊजी टोपी घालून गेले, दिवसभर उन्हात उभे राहिले आणि चुलतभावाचा आंबा उभाच्या उभा शेजाऱ्याच्या हद्दीत टाकून परत आले. त्या आंब्याला त्या साली भरपूर बार आला होता. चुलतभाऊ अकरा वर्षं बोलला नाही. तो बोलत नाही याचं भाऊजींना काहीच वाटलं नाही, पण अकरा वर्षांनी तो बोलायला लागला तेव्हा मात्र ते रागावले. "मोजणी तीच आहे, मंग हा आता कायले बोलून राह्यला?" असं त्यांचं म्हणणं.

असा माणूस निवृत्त झाल्यावर शांत बसेल असं आम्हाला वाटलं, हीच आमची चूक. कचेरीत निदान मोजायला जमीन होती. घरी आल्यावर त्यांनी आम्हाला धरलं. लग्नाच्या पंगतीत ते पानांमधलं अंतर वितीनं बघतात आणि कमीजास्त निघालं तर जेवायला बसलेल्या माणसांना उठवतात. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना दोनदा उठवलं. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो की गाभाऱ्याकडे उतरताना पायऱ्या मोजतात आणि वर येताना पुन्हा मोजतात, जणू मधल्या वेळात कोणी एखादी पायरी काढून नेईल. ऑटोत माझ्या शेजारी बसले की पाचव्या मिनिटाला त्यांचं बोट माझ्या मांडीवर येतं. "साळेबुवा, तुमी माह्या हद्दीत सवा वीत आले." माझं वजन चौऱ्याण्णव किलो आहे. मी माझी मांडी कुठे नेऊन ठेवणार? पण हे विचारायची सोय नाही, कारण विचारलं की ते वही काढतात.

ही वही म्हणजे हिरव्या पुठ्ठ्याची, लांबलचक, आडव्या रेघांची. घरातल्या प्रत्येक मोजमापाची तिच्यात नोंद होते, प्रत्येक नोंदीला शेऱ्याचा रकाना असतो आणि शेऱ्याखाली पंचाची सही लागते. सहीशिवाय नोंद कच्ची. कच्च्या नोंदीनं भाऊजींना अन्न गोड लागत नाही. पंच बहुधा मीच असतो. शेजारच्यांच्या पेरूची किती फांदी आपल्या अंगणात येते याच्या पंचनाम्यावर माझी सही आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना कळलं तर ते मला वर्गात उभं राहू देणार नाहीत. आणखी एक सांगायला हवं. एरवी भाऊजी आमच्यासारखंच बोलतात, पण राग अनावर झाला की ते सरकारी मराठीत शिरतात. त्यांच्या तोंडून 'सदर' हा शब्द निघाला की ताई मुकाट्यानं चहाचं आधण ठेवते.

ही ताईच गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी परसात धुणं वाळत घालता घालता खाली बसली. छातीवरून हात काढेना. नागपूरला नेलं, छातीत जाळी बसवली, आठ दिवसांनी परत आणलं. सेहेचाळीस किलोची माझी ताई पलंगावर चादरीच्या घडीएवढी दिसायची. यवतमाळचे आमचे डॉक्टर तरुण आहेत, पण बोलायला सरळ. त्यांनी भाऊजींना आणि मला समोर बसवून सांगितलं की गोळ्या त्यांच्या जागी, पण काकू रोज अर्धा तास चालल्या पाहिजेत. चालणं सुटलं तर हे सगळं परत फिरून येईल, आणि मग माझ्याकडे बघू नका. भाऊजींनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. माझी सही घेतली. सही करण्याआधी पहिल्यांदाच मी नोंद पूर्ण वाचली.

पुण्याहून भाचीनं लगेच मनगटावर बांधायची घड्याळं पाठवली. चाललेली पावलं दाखवणारी, जाळलेल्या कॅलरी दाखवणारी. दोन पुरली असती, तिनं तीन पाठवली. तिसऱ्यावर चिठ्ठी होती, 'मामा, तुम्हीपण'. मी मागितलं होतं का? पण डोळे वटारायला ती समोर नव्हती, म्हणून मी ते बांधलं. भाऊजींनी तिघांची माहिती फोनवरून आत भरली. माझं वजन मी सांगितलं ते त्यांना मान्य नव्हतं. किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर त्यांनी मला उभं केलं, चार गिऱ्हाइकं बघत असताना आकडा मोठ्यानं वाचला, आणि मग भरला.

लोहाऱ्याच्या बाजूला आमची वसाहत आहे. तिथून एमआयडीसीच्या रस्त्यानं बंद पडलेल्या एका गोदामाच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा मार्ग भाऊजींनी आखला. पहिल्या दिवशी आम्ही तिघं एकत्र निघालो, ताईच्या पावलानं चाललो, एकाच वेळी परतलो. फाटकाशी ताई दगडावर बसली होती, तिचा श्वास लांबून ऐकू येत होता. घरी येऊन भाऊजींनी तिन्ही मनगटं रांगेत धरली. माझ्या घड्याळात एकशे ऐंशी कॅलरी, भाऊजींच्या एकशे आठ, ताईच्या एकोणऐंशी.

भाऊजींनी चष्मा पुसून परत पाहिलं. "अंतर एक, वेळ एक, रस्ता एक. मंग साळेबुवाले दुप्पट काहून?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वाटेत कुठेतरी चोरून जास्तीचा चाललो होतो. मी म्हणालो, भाऊजी, मला काय माहीत, मी तर घामसुद्धा पुसला नाही. हे मी बोलायला नको होतं. पदरानं कपाळ पुसत बसलेल्या ताईनं ते ऐकलं. "मले तं मरनाचा दम लागला न बाप्पा," ती हळूच म्हणाली, "अन् मलेच कमी?"

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी ताईनं घड्याळ काढून फ्रिजवर ठेवलं. "तुमी दोघं जा. सगळ्यायच्यानं होते, माह्याच्यानंच नाई होत. कायले उगीच पाय तोडू?" असं म्हणून ती मेथी निवडायला बसली. ताईचा हट्ट तुम्हाला माहीत नाही. वडिलांनी शाळा सोडायला लावली तेव्हा ती एक अक्षर बोलली नव्हती, पण त्यानंतर वडील असेपर्यंत तिनं त्यांच्यासमोर पुस्तक हातात धरलं नाही. कमी ठरवलं की ती भांडत नाही, ती त्या खेळातूनच उठून जाते. त्या दिवशी ती उठून गेली आणि डॉक्टरांचं ते वाक्य वहीत तसंच पडून राहिलं.

मला संताप आला. घड्याळाचा, भाचीचा, आणि सगळ्यात जास्त भाऊजींचा. त्या बाईला समजावायचं सोडून या माणसानं 'सदर' सुरू केलं! "सदर यंत्रानं सदर महिलेवर उघड अन्याय केला आहे," असं म्हणत ते येरझारा घालत होते. मी म्हणालो, अहो, यंत्र चुलीत घाला, ताईला चालवा. तर म्हणाले, "हद्द चुकीची पडली असन तं आधी फेरमोजणी. मंग बाकी सगळं." आणि मला स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरांकडे घेऊन गेले. स्कूटरवर माझी हद्द कुठवर, यावरून रस्त्यात वाद झालाच.

डॉक्टर बिचारे पेशंट बाजूला ठेवून समजावत बसले. "काका, भरलेल्या ट्रकला डिझेल जास्त लागतं की रिकाम्या? मामांना प्रत्येक पावलाला चौऱ्याण्णव किलो उचलावे लागतात, काकूंना सेहेचाळीस. शिवाय ज्याच्या अंगावर स्नायू जास्त त्याचं जास्त जळतं. बाप्यांचं बायांपेक्षा बहुतेक वेळा जास्त असतं. वय वाढलं की कमी होतं. अन् रोजची सवय असली की शरीर तेच काम कमी खर्चात करायला शिकतं."

"अन् दम?" भाऊजींनी विचारलं.

"दम वेगळा. काकूंचं हृदय थकलेलं आहे. थोड्या कामालाही त्यांना जोर जास्त लावावा लागतो. पण जोर जास्त लागला म्हणजे कॅलरी तेवढ्याच जास्त जळतात असं नाही. आणि काका, हे स्वस्तातलं घड्याळ आहे. ते वजन विचारतं, वय विचारतं, पावलं मोजतं आणि अंदाज सांगतं."

"अंदाज?" भाऊजी खुर्चीतून उठले. "चौतीस वर्षांत मी अंदाजावर एक दगड गाडला नाई!"

डॉक्टरांनी हात जोडले. "आकडा सोडून द्या काका. काकू चालल्या पाहिजेत, बस."

आकडा सोडून द्या, हे भाऊजींना सांगणं म्हणजे मला जेवण सोडून द्या म्हणण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी ते पुरावा गोळा करायला घाटंजीकडच्या आपल्या शेतात गेले. कापसाची वेचणी चालू होती. वीस वर्षांपासून त्यांच्याकडे वेचायला येणाऱ्या एका बाईच्या, शांताबाईच्या, मनगटावर त्यांनी सकाळी आपलं घड्याळ बांधलं आणि संध्याकाळी सोडलं. दिवसभर कमरेत वाकून तिनं कापूस वेचला होता, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली होती. घड्याळ म्हणे, बाई फारशी चाललीच नाही. तिच्या दिवसभराच्या कामाचं त्यानं जे काय दाखवलं, तेवढं माझं किराण्याच्या दुकानात दोन चकरा मारून होतं. भाऊजी धुऱ्यावर उभे राहून घड्याळाशी भांडायला लागले. शांताबाईनं पाठीवरचा कापूस काट्याजवळ उतरवला आणि म्हणाली, "भाऊ, हे घडी बसल्या मानसाले देजा. याले चालनं समजते, वाकनं नाई समजत." भाऊजींनी हे वाक्यही वहीत घेतलं. सहीच्या जागी तिचा अंगठा नको म्हणून तिला सही करायला लावली, कारण तिला सही येते हे त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर मला रीतसर नोटीस आली. दोन घरं सोडून राहणाऱ्या साळ्याला माणूस हाक मारतो. या गृहस्थांनी लखोटा पाठवला. 'लगतचे कब्जेदार या नात्याने आपण रविवारी सकाळी सहा वाजता मोजणीच्या ठिकाणी समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी आपल्या माघारी करण्यात येईल.' लगतचा कब्जेदार म्हणजे शेजारच्या जमिनीचा धनी, म्हणजे मी. नोटीस मी चिडून फाडणार होतो. माझ्या बायकोनं ती काढून घेतली आणि वाचून इतकी हसली की मला जावंच लागलं.

अंगणात भाऊजी तयार होते. त्यांचं वजन पंचावन्न. माझ्याएवढं व्हायला एकोणचाळीस किलो कमी पडत होते. ते त्यांनी तूरडाळीनं भरून काढायचं ठरवलं होतं. मागे एक पिशवी, पुढे एक पिशवी, दोन्ही सुतळीनं आवळलेल्या, मधून भाऊजींची मान वर आलेली. वय वर्षे सहासष्ट. मी ओरडलो, "भाऊजी, एक पेशंट पुरे नाही का घरात?" पण मोजणी सुरू झाली होती. फाटकातून ते निघाले, आठदहा पावलं ताठ गेले, मग डाळीनं त्यांना चालवायला सुरुवात केली. उतारावर ते थांबेनात. मी मागून पळतोय, पळताना माझ्याही कॅलरी नाहक जळताहेत, आणि भाऊजी पुढे ओरडताहेत, "साळेबुवा, पावलं मोजा! माह्याच्यानं मोजनं होऊन नाई राह्यलं!" वळणावर पुढची पिशवी उसवली. भाऊजी डाळ सांडत सांडत विजेच्या खांबापर्यंत गेले आणि खांबाला मिठी मारून थांबले.

मागून आवाज आला म्हणून वळून पाहिलं तर ताई. पायात चपला नाहीत, हातात सूप. आम्हाला ओरडायला ती धावत आली होती आणि नवऱ्याला खांबाला धरलेलं बघून हसत सुटली होती. नागपूरहून आल्यापासून ती हसली नव्हती. भररस्त्यात खाली बसून तिनं सुपात डाळ भरली, डोळे पुसले आणि परत हसली. भाऊजी खांबाला धरूनच घड्याळ बघत होते. तेवढ्याच वाटेचा आकडा त्यांच्या रोजच्यापेक्षा बराच मोठा निघाला होता, कारण घड्याळात त्यांनी वजनही वाढवून घातलं होतं. म्हणजे यंत्र आत भरलेल्या वजनावरच आकडा सांगत होतं. डॉक्टर म्हणाले ते बरोबर होतं. भाऊजी घरी येईपर्यंत घड्याळाकडेच बघत आले. ताई मात्र हसून हसून पुन्हा मेथी घेऊन बसली. चालायचं नाव तिनं काढलं नाही.

दोन दिवस भाऊजी गप्प होते. त्यांचं गप्प बसणं त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त छळतं, कारण माणूस सारखा ते कधी सुरू होतील याची वाट बघत राहतो. तिसऱ्या सकाळी मी गेलो तर ताई पायात बूट घालून अंगणात उभी, मनगटावर घड्याळ. "हे म्हनते का फेरमोजणी झाली," ती म्हणाली. "एक डाव पाह्यतो. नाई झालं तं नाई."

त्या दिवशी ताईच्या घड्याळात एकशे शहात्तर कॅलरी आल्या. माझ्या एकशे ऐंशी.

ताईनं मनगट उन्हात धरून दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी हाक मारायच्या आत तीच अंगणाच्या फाटकापाशी होती. आठवड्याभरात तिनं मला गाठलं, पंधरा दिवसांत मागे टाकलं. आता मी स्पष्टच सांगतो, मला राग आला. बहीण बरी होतेय याचा आनंद होताच, पण चौऱ्याण्णव किलोचा माणूस मी, प्रत्येक पावलाला एवढं ओझं उचलतो, डॉक्टरांनी चारचौघांत भरल्या ट्रकचा मान दिलेला, आणि सेहेचाळीस किलोची बाई मला रोज हरवते? मी जोरात चालायला लागलो. ती त्याहून जोरात. गोदामाच्या फाटकाशी ती आता दगडावर बसत नव्हती, कमरेवर हात ठेवून आमची वाट बघत उभी राहायची. "बाल्या, पाय उचल," असं मला, सत्तावन्न वर्षांच्या माणसाला, दूधवाल्यासमोर म्हणायची. मी भाऊजींकडे तक्रार केली की यंत्र बिघडलंय. ज्या माणसानं पंधरा दिवस यंत्राविरुद्ध रान उठवलं तो आभाळाकडे बघत म्हणाला, "यंत्र बरोबर आहे."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं. कागद उलटेपालटे करून म्हणाले, "काकू, असंच चालू ठेवा, मला तुमचं तोंड वर्षभर दाखवू नका." परत येताना ताईनं ऑटो थांबवून आम्हाला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही. भाऊजींनी माझा ग्लास बघितला नाही, आपला ग्लास बघितला नाही, कोणाचा किती भरलाय हे मोजलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लक्षात आलं ते पुढच्या रविवारी. माझं घड्याळ बंद पडलं म्हणून मी भाऊजींच्या फोनमध्ये बघत होतो. तिघांचीही माहिती तिथेच. माझ्या नावावर बोट ठेवायचं ते चुकून ताईच्या नावावर पडलं. स्त्री. वय बरोबर. उंची बरोबर. वजन, चौऱ्याण्णव किलो.

"भाऊजी!" मी ओरडलो. "हे माझं वजन आहे!"

भाऊजींनी झटकन माझा दंड धरला आणि मला परसात, धुण्याच्या दगडापाशी नेलं. ताई समोरच्या अंगणात बुटाच्या नाड्या बांधत होती. मी दातओठ खात बोलत होतो की तीन महिने मला रोज हरवलंत, माझ्याच वजनानं हरवलंत, सख्ख्या चुलतभावाच्या शेतात ज्यानं हातभर हद्द सरकवली नाही त्यानं हे करावं? ते ऐकत उभे राहिले. मग आत गेले आणि वही घेऊन आले. पान आधीच दुमडून ठेवलेलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या, सरकारी अक्षरात लिहिलं होतं:

'सदर महिलेचे वजन काट्यावर सेहेचाळीस किलो भरते. तथापि समान अंतर चालताना तिला लागणारा दम हा खाली सही करणार व लगतचे कब्जेदार यांच्या दमाहून अधिक असल्याचे समक्ष पाहिले. यंत्रात दमाचा रकाना नाही. सबब वजनाच्या रकान्यात चौऱ्याण्णव धरले. जाणूनबुजून धरले. जबाबदारी माझी.'

खाली त्यांची सही होती, तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती. पंचाची जागा रिकामी होती.

"पंचाशिवाय नोंद कच्ची राह्यते," भाऊजी म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "तीन मयने झाले, कच्चीच आहे. कोनाले सांगू? तुमाले सांगतलं तं तुमी बोंबलसान. खरं सांगू का साळेबुवा, घास गोड लागून नाई राह्यला." मग दुमडलेलं पान सरळ करत म्हणाले, "पन ते चालून राह्यली नं."

अडतीस वर्षांत मी या माणसाला कधी मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या खिशातून पेन काढलं. वही धुण्याच्या दगडावर ठेवली आणि पंच म्हणून पूर्ण नाव लिहून सही केली. भाऊजींनी ती नीट वाचून बघितली. फुंकर मारून शाई वाळवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो माझ्या हद्दीत किती आत आला याची दोघांनीही चौकशी केली नाही.

"अवो, येता का नाई?" समोरून ताईची हाक आली. "ऊन चढून राह्यलं. दोघंबी म्हातारे झाले का?"

आम्ही निघालो. हल्ली ती आमच्या दहा पावलं पुढे असते आणि भाऊजी ते अंतर मोजत नाहीत. मी मागे राहतो, तिला हरवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय. मात्र एक गोष्ट मी भाऊजींपासून लपवून ठेवली आहे. रोज चालून चालून माझंही वजन थोडं उतरलंय; किराण्याच्या काट्यावर मी एकटा जाऊन बघितलं, ब्याण्णव भरलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी घाईघाईनं खाली उतरलो आणि कोणी पाहिलं तर नाही ना, हे बघितलं. भाऊजींना कळलं तर ते वही काढतील आणि माझ्याबरोबर ताईच्या नावावरचं चौऱ्याण्णवही दुरुस्त करतील, मग तिचा आकडा घसरेल; न्यायी माणूस आहे तो. म्हणून ते वजन विचारतात तेव्हा मी पोट थोडं पुढे काढतो आणि चौऱ्याण्णवच सांगतो.